मन्सूर, डग्गा आणि दीड ओहम

आवाजाला विशेषणं लावण्यात मराठी श्रीमंत आहे. गोल, भरदार, घुमारदार, टोकदार, पातळ, चिरका, किनरा, घोगरा. ही सगळी मुळात गळ्यासाठी जन्मली, मग वाद्यांना चिकटली. पण ॲम्प्लिफायरला ती का लागावीत, हा मला बरीच वर्षं पडलेला प्रश्न आहे. ॲम्प्लिफायर गात नाही, वाजत नाही. आत विजेचा जो चढउतार आला तोच, तसाच, फक्त मोठा करून स्पीकरकडे धाडायचा, एवढंच त्याचं काम. क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांच्या नावावर एक व्याख्या सांगितली जाते. उत्तम ॲम्प्लिफायर म्हणजे तारेचा सरळ तुकडा, फक्त सिग्नल वाढवणारा. आता तारेला कुठलं आलंय व्यक्तिमत्त्व?

तरीही या छंदातली माणसं (बहुतेक पुरुष, बहुतेक पन्नाशीपुढचे) ॲम्प्लिफायरबद्दल बोलतात ते गवयांबद्दल बोलावं तसं. हा उबदार, तो कोरडा. याच्यात जीव आहे, त्याच्यात नुसतं गणित. माझा दिवस इन्व्हर्टरच्या सर्किटांमध्ये जातो, त्यामुळे अशी वाक्यं ऐकली की माझ्या कपाळाला आठी पडते. पंचाईत अशी, की मला सोल्डरिंगची इस्त्री हातात धरायला ज्याने शिकवलं तो माझा मामा ही भाषा अस्खलित बोलतो.

मामा टेलिफोन खात्यात होता. ट्रंक कॉलच्या जमान्यात एकाच तारेच्या जोडीवरून अनेक संभाषणं एकमेकांत न मिसळता लांबवर नेणारी 'कॅरिअर' नावाची यंत्रणा असे, तिची देखभाल त्याच्याकडे होती. १९७४ साली त्याने घरी एक स्टीरिओ ॲम्प्लिफायर बांधला. प्रत्येक बाजूला ईएल८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह, बंगलोरच्या 'बेल'ने बनवलेले. आउटपुट ट्रान्सफॉर्मर रास्ता पेठेतल्या एका वाइंडरकडून, मामाने समोर बसून गुंडाळून घेतलेले. ताकद बाजूला दहा-बारा वॉट. पुढे म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर 'पीएमपीओ'चे हजारो वॉट छापून यायला लागले तेव्हा मामा ते आकडे विनोदी मासिक वाचावं तसे मोठ्याने वाचायचा. घरातल्या खोलीत बेताच्या आवाजात गाणं ऐकताना सरासरी एक वॉटसुद्धा लागत नाही, हे मला शाळेत असतानाच पाठ झालं होतं.

गेल्या वर्षी नारायण पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला. तीन वर्षं तरी वारज्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत काढायची होती. हॉलमध्ये एकच फळी. मामीने सांगितलं, ॲम्प्लिफायर एकच न्यायचा. "एक म्हणजे एक. दुसरा पलंगाखालीसुद्धा नको."

घरात उमेदवार तीन होते. पहिला हा व्हॉल्व्हचा. दुसरा नॅड ३०२०, मोठ्या मामाने मस्कतहून येताना आणलेला. १९७८ साली बाजारात आलेलं हे मॉडेल म्हणजे एरिक एडवर्डसन नावाच्या इंजिनिअरची करामत. कागदावर वीस वॉट, दिसायला करड्या रंगाचं दप्तरी खोकं, पण अवघड स्पीकरही निमूटपणे ओढणारं. स्वस्त आणि मस्त हाय-फायचं नाव काढलं की अजूनही पहिलं हेच आठवतं. तिसरा मी दिवाळीला दिलेला, तळहातावर मावेल एवढा क्लास-डी डबा. (डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी आणि सी आधीच वापरून झाले होते, एवढंच.) डब्यावर तीनशे वॉट छापलेलं, आणि सोबतचा अडॅप्टर बत्तीस व्होल्ट, पाच अँपिअरचा. म्हणजे जेमतेम एकशेसाठ वॉट. उरलेले कुठून येणार होते ते छापणाऱ्यालाच ठाऊक. पीएमपीओचा आत्मा अजून भटकतो आहे.

मामाची निवड ठरलेली होती. मामीचे आक्षेपही ठरलेले होते आणि एकही खोटा नव्हता. व्हॉल्व्हचा ॲम्प तापतो, उन्हाळ्यात त्या खोलीत बसवत नाही. त्याच्या पोटात तीनशे व्होल्ट आहेत. आणि चार वर्षांच्या नातवाला प्रत्येक भोकात बोट घालून बघायचं असतं.

"आणि आवाजाचं काय?" मामा म्हणाला.

"न बघता ओळखून दाखवा. ओळखलात तर न्या," मामी म्हणाली.

मला हसू आलं, पण मामाला आलं नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याने कानांची तपासणी करून घेतली होती. तो चौऱ्याहत्तरचा आहे. ऑडिओग्रामचा आलेख तीन हजार हर्ट्झपर्यंत माळावरून चालावा तसा, आणि तिथून पुढे घाट उतरावा तसा. डॉक्टरांनी वयाच्या मानाने उत्तम म्हटलं होतं, त्या 'वयाच्या मानाने'चा त्याला राग आला होता. आम्ही दोघंच असताना तो म्हणाला, "अगं, आता मला ऐकू येतं की आठवतं, हेच कळेनासं झालंय. मन्सूर लावले की आवाज तोच. पण तो स्पीकरमधून येतो की डोक्यातून, देव जाणे."

त्यामुळे ही पैज मामीला वाटत होती तेवढी साधी नव्हती.

मला वाटत होतं, मामा हरणार. कारण अशा पैजांचा इतिहास मला ठाऊक होता. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर हा वाद सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये ऐन भरात असताना १९७८ साली जेम्स मॉयर यांच्या देखरेखीखाली एक चाचणी झाली. क्वाडचेच तीन ॲम्प्लिफायर: १९५३चा व्हॉल्व्हवाला क्वाड टू, १९६७चा ट्रान्झिस्टरवाला ३०३ आणि १९७५चा ४०५. समोर जाणकार श्रोते, कुठला वाजतोय ते झाकलेलं. निकाल 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये छापून आला: नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी साधारण तेवढंच बरोबर आलं असतं. अशा चाचण्यांवर हाय-फायवाल्यांचा राग असतो. ते म्हणतात, परीक्षेच्या ताणाने कान मिटतात. मला हे पूर्णपणे खोटं वाटत नाही. पण जो फरक लाखभर रुपयांचा म्हणून सांगितला जातो, तो पडदा टाकताच विरत असेल, तर तो फरक पडद्याचाच असणार ना?

चाचणी नीट करायची तर तयारी फार लागते, आणि ही तयारी शोरूममध्ये कुणी करत नाही. पहिली अट आवाजाची पातळी. दोन ॲम्प्लिफायरमध्ये एक डेसिबलचा फरक असेल तर कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. जास्त मोकळा, भरदार, जिवंत. कारणही आहे. आवाज वाढला की आपल्या कानाला खालचे सूर तुलनेने जास्त मिळतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवलेत. विक्रेत्याला ते ठाऊक असोत वा नसोत, त्याच्या बोटांना ठाऊक असतात. महागड्या ॲम्पकडे वळताना नॉब जरासा पुढे सरकतो, आणि ग्राहक मान डोलावतो.

म्हणून मी स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून पातळ्या जुळवल्या. साधा मल्टिमीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला थापा मारतो, म्हणून जुळवणीचा सूर मुद्दाम ३०० हर्ट्झचा घेतला. लक्ष्य ०.१ डेसिबल, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १.२ टक्के. व्हॉल्व्हच्या ॲम्पचा जुना नॉब एवढा बारीक सरकायला तयार नव्हता, त्याच्याशी अर्धा तास गेला. मग निवडीचा स्विच. क्लास-डीच्या दोन्ही तारांमध्ये व्होल्टेज असतं, त्यामुळे त्याची 'मायनस' इतरांच्या मायनसला जोडता येत नाही. चारही तारा एकदम तोडून एकदम जोडणारा स्विच हवा. शिवाय व्हॉल्व्हच्या ॲम्पला स्पीकर काढून उपाशी ठेवलं तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणून त्याची पाळी नसेल तेव्हा त्याच्या गळ्यात आठ ओहमचा रेझिस्टर. हे सामान आणायला मी पासोड्या विठोबापाशी गेले तेव्हा एका दुकानदाराने मला चारदा विचारलं, मिस्टरांनी नेमका कुठला नंबर सांगितलाय. मी म्हटलं, मिस्टर पोहे करतायत, नंबर मीच सांगते.

स्विचवर मामी. ती फळीच्या पार्टिशनमागे बसणार, प्रत्येक वेळी नाणं उडवणार, छापा की काटा यावर स्विच टाकणार आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, नोंद करणार. मलाही कळता कामा नये, कारण मामा माझा चेहरा वाचतो. सुरुवात होण्याआधीच मामीने पार्टिशनमागून विचारलं, "यातला एक गाणं नसतानाही गुणगुणतोय, ते चालतं का?" मामाला ती पन्नास हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची घुरघुर खुर्चीतून ऐकू येत नव्हती. मलाही नाही. मामीला येत होती. तिने चाळीस वर्षं कुकरची शिट्टी, दूधवाल्याची सायकल आणि या दोघांतली शांतता ऐकली आहे. मग स्विचला तिसरी, पूर्ण मुकी जागा ठेवली आणि गाणं सुरू असतानाच एकाकडून दुसऱ्याकडे जायचं ठरलं.

सोळा वेळा. सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर आली तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता शंभरात चार. मन्सूरांचं गायन, किशोरीताईंचा एक ख्याल आणि एक एकल तबला आलटून पालटून.

व्हॉल्व्ह विरुद्ध नॅड. मामाची पंधरा बरोबर आली.

मी कालनिर्णयचं पान दोनदा तपासलं. पंधरा. नशिबाने असं जवळजवळ चार हजारांत एकदाच घडावं. मी स्वतः बसले तेव्हा कशीबशी बारा आली, आणि माझे कान मामापेक्षा सत्तावीस वर्षांनी तरुण आहेत. मला तेरा हजार हर्ट्झची शीळ ऐकू येते, त्याला सातच्या पुढे काही नाही.

मामा काही बोलला नाही. उठून पाणी प्यायला, परत येऊन बसला. मग म्हणाला, "आता त्या पोराचा लाव." पोर म्हणजे क्लास-डी डबा. नॅड विरुद्ध डबा: सोळापैकी नऊ. माझी आठ. म्हणजे नाणं. सेकंदाला चारपाच लाख वेळा वीज चालू-बंद करून गाणं घडवणारी तळहाताएवढी वस्तू आणि चाळीस वर्षांपूर्वीचं करडं दप्तर, दोघांत आम्हाला काडीचा फरक करता आला नाही. इथवर सगळं माझ्या पुस्तकाप्रमाणे. पण ते पंधरा?

व्हॉल्व्हच्या 'गोडव्या'चं नेहमीचं स्पष्टीकरण असं असतं, की व्हॉल्व्ह जी भेसळ करतो ती सुरेल असते. ही कल्पना मराठी कानाला समजायला सोपी आहे. समजा गवयाचा सा १४० हर्ट्झचा. ॲम्प्लिफायरने त्यात दुसऱ्या हार्मोनिकची भेसळ केली तर २८०, म्हणजे वरचा षड्ज. तिसऱ्याची केली तर ४२०, पंचम. पाचव्याची ७००, गंधार, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तोच स्वयंभू गंधार. सातवा मात्र ९८०, कोमल निषादाच्याही किंचित खाली, कुठल्याच घरातला नाही. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर कर्कश वाटायचे त्याचं एक कारण हेच. लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलायचा, खालचा दुसरा, आणि हातबदलाच्या जागी जो खड्डा पडायचा त्यातून असे बिनघरचे वरचे हार्मोनिक निघायचे. तेही हळू आवाजात जास्त, म्हणजे नेमके नाजूक जागी.

हे सगळं खरं, पण मामाच्या ॲम्पला लागू नाही. त्यात व्हॉल्व्हच्या जोड्या पुश-पुल पद्धतीने, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो अशा लावलेल्या आहेत, आणि या रचनेत दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक एकमेकांना खाऊन टाकतात. व्हॉल्व्ह म्हणजे दुसरा हार्मोनिक हे सिंगल-एंडेड, एकट्या व्हॉल्व्हच्या ॲम्पबद्दल ठीक आहे. इथे उरतो मुख्यतः तिसरा, पंचम. (मारव्यात पंचम वर्ज्य. म्हणजे मामाचा ॲम्प्लिफायर मारवा बिघडवतो का? नाही, कारण गळ्यातला षड्जही आपला तिसरा हार्मोनिक घेऊनच येतो. वर्ज्य स्वर लावायचा नसतो, तो असतोच.) शिवाय आम्ही ऐकत होतो त्या पातळीला ही भेसळ हजारात दोन-तीन भाग. जवारी लावलेल्या तंबोऱ्याच्या मोहोळात ती कुठे दिसणार? ती ओळखून सोळात पंधरा येणार नाहीत.

मग मी ऑफिसातून मोजमापाची पेटी आणली. व्हॉल्व्हच्या ॲम्पला आठ ओहमचा भार न लावता २ व्होल्ट, भार लावला की १.६७. म्हणजे त्याचा स्वतःचा अंतर्गत अडथळा सुमारे १.६ ओहम. नॅडचा, तारा धरून, ०.१. इथे धागा सापडला.

स्पीकरवर 'आठ ओहम' लिहिलेलं असतं ती एक सभ्य थाप असते. मामाने प्लायवूडच्या बंद खोक्यांत बांधलेले स्पीकर मी मोजले. ६२ हर्ट्झला २८ ओहम, त्याच्या पुढे उतरून ५.६, आणि दोन हजारांच्या आसपास, वूफरकडून ट्वीटरकडे सूत्रं जातात तिथे, पुन्हा १८. आता ॲम्प्लिफायरच्या पोटात १.६ ओहम असतील तर दोघांत व्होल्टेजची वाटणी होते. स्पीकर २८ ओहम असतो तिथे त्याला जवळजवळ सगळं मिळतं, ५.६ असतो तिथे बरंचसं पोटातच अडकतं. हिशेब केला तर ६२ हर्ट्झला १.७ डेसिबल आणि दोन हजारांपाशी सुमारे दीड डेसिबल उचल. नॅडच्या बाबतीत हाच फरक ०.१२.

म्हणजे व्हॉल्व्हचा ॲम्प या स्पीकरांबरोबर खर्ज थोडा फुगवत होता आणि गळ्याची धार जिथे असते तिथे किंचित उजेड पाडत होता. आणि हे दोन्ही पट्टे मामाच्या ऑडिओग्रामच्या माळावरचे होते, घाटाच्या अलीकडचे. मला ऐकू येणारे वरचे सहा हजार हर्ट्झ या परीक्षेत कामाचेच नव्हते. मन्सूरांचा आवाज आयुष्यभर ऐकून त्याची चौकट कुठवर असते हे ज्याला पाठ आहे, त्याला दीड डेसिबल म्हणजे दारात उभा राहिलेला माणूस.

बॉब कार्व्हर नावाच्या अमेरिकन डिझायनरने १९८५ साली यावरच बाजी मारली होती. 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना त्याने आव्हान दिलं, की तुम्हाला आवडणारा कुठलाही महागडा ॲम्प्लिफायर द्या, माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पला मी त्याच्यासारखा गायला लावतो. दोघांना एकच संगीत द्यायचं, एकाच्या आउटपुटमधून दुसऱ्याचं वजा करायचं, जे उरतं ते कमी होईपर्यंत सर्किट ठोकत बसायचं. सांता फेमधल्या खोलीत तो दोन दिवस हेच करत बसला. शेवटी संपादकांना फरक सांगता आला नाही. त्यांनी दिलेला ॲम्प व्हॉल्व्हचा होता.

मला सर्किट ठोकायची गरज नव्हती. दीड ओहम, पंचवीस वॉटचे दोन तारेचे रेझिस्टर आणले, किमतीत एकेक वडापाव. ते नॅडच्या आणि स्पीकरच्या मध्ये घातले, पातळी पुन्हा जुळवली. मामाला सांगितलं, की पुन्हा व्हॉल्व्ह आणि नॅडच आहे, फक्त नॅडमध्ये एक बदल केलाय.

दहा.

"दहा म्हणजे नापास नव्हे," मामा म्हणाला. खरं होतं, सोळात दहा नशिबानेही शंभरात बावीस-तेवीस वेळा येतात, पण त्यावरून 'फरक नाही' असंही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी सोळा घेतल्या. सात आली. बत्तीसात सतरा.

मी काय केलंय ते त्याला दाखवलं. तो रेझिस्टर हातात धरून बराच वेळ बघत राहिला. पांढरा, सिमेंटच्या विटेसारखा, बोटाएवढा तुकडा. मला भीती होती, की त्याला वाटेल आपण पन्नास वर्षं एका विटेला जीव म्हणत होतो. तसं त्याला वाटलंही असेल. पण तो आधी हसायला लागला.

"तुला ठाऊक आहे हा आला कुठून? मीच घातला तो. चौऱ्याहत्तर साली."

टेलिफोनवाल्यांना फीडबॅक घरचा. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत द्यायचा, म्हणजे तो आपल्याच चुका आपण दुरुस्त करतो, ही युक्ती लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठीच निघाली. हॅरल्ड ब्लॅक या बेल लॅबच्या इंजिनिअरला ती २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीवरच्या 'लॅकवॉना' फेरीत सुचली आणि त्याने हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर आकृती काढली. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं, कारण वाढवलेलं पुन्हा कमी करणारं सर्किट कुणी मुद्दाम का बनवेल, हेच तपासनिसांना पटेना. या फीडबॅकनेच ॲम्प्लिफायरचा अंतर्गत अडथळा खाली येतो. जेवढा फीडबॅक जास्त, तेवढा तो तारेच्या सरळ तुकड्याजवळ जातो.

"पुस्तकात होता तेवढा फीडबॅक मी दिला होता," मामा सांगत होता. "पण रास्ता पेठेतला ट्रान्सफॉर्मर तेवढा सोसेना. शिट्टी मारायचा. कुत्री भुंकायची वाड्यातली. मग कमी केला, आणखी कमी केला, शिट्टी थांबली तिथे ठेवून दिला. आणि गाणं लावलं तर..." तो थांबला. "तर छान वाटलं. मग काय, पन्नास वर्षं."

त्यानंतरचा आठवडा मामाने नॅडवर काढला, रेझिस्टरला एक छोटा स्विच लावून, कधी आत कधी बाहेर. आता त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. निष्कर्ष त्याचे स्वतःचे आहेत. मन्सूरांना रेझिस्टर हवा. तबल्याला नको, कारण खर्ज फुगला की डग्ग्याची मींड घरंगळते, बोटाने जिथे थांबवली तिथे थांबत नाही. किशोरीताईंसाठी सकाळी नको, रात्री हवा. या शेवटच्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि मी मागितलंही नाही.

मी एवढंच सुचवलं, की हे काम करायला नॅडच्या तोंडावर बेस आणि ट्रेबल असे दोन नॉब गेली चाळीस वर्षं आहेत. त्यांना मामाने कधी हात लावलेला नाही. टोन कंट्रोल फिरवणं हे पानाच्या टपरीवर चालतं, घरात नाही, असं त्याचं मत आहे आणि हाय-फायच्या जगात हेच मत सर्वत्र आहे. महाग ॲम्प्लिफायरवर टोन कंट्रोल बहुधा नसतातच. माझा या छंदाशी खरा वाद असलाच तर इथे आहे. टोन बदलावासा वाटणं यात काही गैर नाही, आणि तो बदल ऐकू येतो हेही भ्रम नाही, मामाने तो सोळात पंधरा वेळा ऐकला. पण नॉब फिरवायची लाज वाटते म्हणून माणसं दोन-तीन लाखांचा ॲम्प्लिफायर बदलतात, आणि त्या बदलाला जीव, आत्मा, संगीतमयता असली नावं देतात. मामाला हे मी याच शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, "नॉब फिरवला की मी आवाज केला असं वाटतं. हा रेझिस्टर असला की आवाज आहे असं वाटतं." यात तर्क नाही, पण खोटंही नाही.

पैजेचं काय, हे मामीने विचारलं. ओळखलात तर न्या, असं तीच म्हणाली होती, आणि त्याने ओळखलं होतं. मामा म्हणाला, नॅडच नेऊ. व्हॉल्व्हचा ॲम्प माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात मी त्याचे म्हातारे कपॅसिटर बदलले, घुरघुर गेली. ट्रान्सफॉर्मर आणि फीडबॅक यांना हात लावलेला नाही.

वारज्याच्या घरी नॅड फळीवर बसला, शेजारी भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात रेझिस्टर. स्विचच्या दोन बाजूंना मामाने बॉलपेनने लिहिलंय: 'मन्सूर' आणि 'डग्गा'. पहिल्या दिवशी गाणं लावलं तर आवाज ओळखू येईना, स्विच कुठेही असो. चकचकीत टाइल्स, उघड्या भिंती, बुटकी स्लॅब. मी मोजलं तेव्हा खर्जात एके ठिकाणी आठ डेसिबलचा डोंगर होता आणि खुर्ची हातभर मागे घेतली की तिथेच दरी. आम्ही दीड डेसिबलसाठी पंधरवडा घालवला होता.

खर्ज थोडाफार मामाने खुर्ची हलवून हलवून आवरला, आता ती खोलीत अडचणीची होईल अशाच जागी आहे. टाइल्सवरून परतणाऱ्या खणखणाटावर मामीने समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, एकीवर एक. त्या दर रविवारी उन्हात घालायच्या असतात. रविवारी मामा गाणं लावत नाही.